येळ्ळूर आलं की टेस्ट फेल: जीझिप फाइल वाचताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

अडचण अशी आहे. मराठी आणि कन्नड नोंदींच्या मजकूर फाइली जीझिपने (फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामने) कॉम्प्रेस करून ठेवल्या आहेत. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला एक छोटा प्रोग्राम त्या उघडून ओळी वाचतो. त्या वाचण्याची युनिट टेस्ट, म्हणजे प्रोग्रामचा एक भाग नीट चालतो का हे आपोआप तपासणारा कोड, काही आठवडे हिरवी (पास) असते आणि एक दिवस अचानक लाल (फेल) होते. दुरुस्त केली की महिनाभर शांतता, मग पुन्हा तीच टेस्ट, तोच लाल पट्टा. माझ्याकडे वाचण्यात पाच वेळा गडबड झाली (त्यात एकदा टेस्ट हिरवीच राहिली) आणि पाचही वेळा कारण वेगळं निघालं. ज्यांना हाच त्रास होतोय त्यांच्यासाठी पाचही कारणं, ती ओळखायची खूण आणि उपाय इथे लिहिते.

काम कसलं होतं ते सांगते, कारण कारणं समजायला ते लागतं. बेळगाव तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाची दाखल नोंदवही आम्ही संगणकावर घेत आहोत. आमच्याकडच्या वाचनालयांत मराठी आणि कन्नड पुस्तकं शेजारी शेजारी असतात, त्यामुळे एकाच फाइलीत दोन्ही लिप्या येतात. वाचक आसपासच्या गावांतून येतात, म्हणून गावाच्या नावाचा रकाना आहे. नोंदी भरायचं काम ग्रंथपाल काका विंडोजच्या संगणकावर करतात. मी टिळकवाडीत घरी लिनक्सवर प्रोग्राम लिहिते. खानापूरकडचा एक धाकटा सहकारी मदतीला आहे, त्याचा लॅपटॉप विंडोजचा. तीन जागा, तीन संगणक. टेस्ट जवळजवळ नेहमी माझ्याकडे पास आणि त्या दोघांकडे फेल.

(त्रुटीचे संदेश मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. बाइट म्हणजे फाइल ज्या छोट्या संख्यांची बनते त्यातली एक; त्यांच्या किमती सोळाच्या पायावरच्या आहेत, म्हणजे ‘८डी’ किंवा ‘ई०’ असं दिसलं तर ती एका बाइटची किंमत.)

सगळ्यात आधी हे करा. टेस्ट फेल झाली की लगेच कोडला हात लावू नका. फाइल वाचण्यात चार टप्पे असतात: फाइल जशीच्या तशी पोहोचली का, ती उघडून आतले बाइट नीट निघाले का, त्या बाइटांची अक्षरं बरोबर झाली का, आणि ती अक्षरं अपेक्षित मजकुराशी जुळली का. आमच्या मूळ टेस्टमध्ये हे चारही एकाच ओळीत होते, म्हणून चारांपैकी काहीही बिघडलं तरी लाल पट्टा एकच दिसायचा. मी पहिल्या खेपेला तीन संध्याकाळी वाया घालवल्या त्या यामुळेच. आता चार टप्प्यांच्या चार टेस्ट आहेत आणि कुठली फेल झाली यावरूनच अर्धं काम होतं.

टप्पा कळण्यासाठी हाताने बघायचं असेल तर क्रम असा. टर्मिनलवर जीझिपला ‘-टी’ हा पर्याय देऊन फाइल तपासा. तिथे काही कुरबुर नसेल तर कॉम्प्रेशन निर्दोष आहे, तो विषय सोडून द्या. मग फाइल ‘आरबी’ मोडमध्ये (नुसते बाइट वाचायच्या) उघडून पहिले साठेक बाइट छापा. ते ठीक असतील तर ‘आरटी’ मोडमध्ये (अक्षरं वाचायच्या), एन्कोडिंग, म्हणजे कुठल्या बाइटांचं कुठलं अक्षर हे ठरवणारी पद्धत, स्पष्ट देऊन, पहिली ओळ वाचा आणि ती नुसती छापू नका, पायथनच्या ‘आस्की’ फंक्शनमधून छापा, ते मराठी अक्षराऐवजी त्याचा युनिकोडमधला (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतला) क्रमांक दाखवतं. पडद्यावर सारखे दिसणारे दोन शब्द आतून वेगळे असले तर ते तिथे उघडे पडतात.

आता पहिलं कारण. माझ्या मते भारतीय भाषांत काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे भेटतंच, म्हणून यावर जरा थांबते.

टेस्टच्या नमुना फाइलीत मी सहा नावं ठेवली होती: खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक. टेस्ट एवढंच बघायची की सहा ओळी आल्या का. दोन महिने तिन्ही संगणकांवर पास. मग काकांनी येळ्ळूर आणि हुक्केरी ही नावं भरली, मी नमुना फाइल नव्याने बनवली आणि दोन्ही विंडोज संगणकांवर टेस्ट कोसळली. संदेश होता: ‘चारमॅप कोडेक कान्ट डीकोड बाइट ८डी’. सहकाऱ्याचा रात्री फोन, “ताई, काल तर चालत होतं की! हुक्केरीची फाइलच खराब आलीय बघ.” मलाही तेच वाटलं. फाइल तीनदा नव्याने कॉम्प्रेस केली. फरक शून्य.

फाइल चांगली होती. दोष वाचणाऱ्या ओळीत होता: मी ‘जीझिप.ओपन’ ला (पायथनमधल्या जीझिप फाइल उघडणाऱ्या फंक्शनला) ‘आरटी’ मोड दिला होता, एन्कोडिंग दिलं नव्हतं. ते न दिल्यास आमच्याकडचा पायथन यंत्रणेचं स्वतःचं एन्कोडिंग घेतो. लिनक्सवर ते सहसा युटीएफ-८ असतं, म्हणजे युनिकोडची सगळी अक्षरं एक ते चार बाइटांत लिहिणारी पद्धत. इंग्रजी विंडोजवर ते सीपी-१२५२ असतं, म्हणजे पश्चिम युरोपच्या भाषांसाठी केलेला एक बाइट-एक अक्षर असा तक्ता. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. पहिला बाइट ई०, दुसरा ए४ किंवा ए५, तिसरा बदलता. सीपी-१२५२ ने वाचलं की या तीन बाइटांची तीन युरोपीय चिन्हं होतात आणि सगळा मजकूर कचरा दिसतो.

पण मग खानापूर, निपाणी दोन महिने पास कसे होत होते? इथेच खरी गोम आहे. सीपी-१२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. यातला एखादा बाइट आला तरच पायथन त्रुटी देतो. बाकी सगळं तो निमूटपणे कचऱ्यात रूपांतरित करतो. आता देवनागरीत कुठल्या चिन्हांचा तिसरा बाइट या पाचांत पडतो ते बघा. ऱ्हस्व उकार (ु) आणि चंद्रबिंदू ८१ वर. पाय मोडायचं चिन्ह (्) आणि ऍ हे ८डी वर. ए ८एफ वर, ऐ ९० वर, झ ९डी वर.

म्हणजे ज्या नावात जोडाक्षर नाही, ऱ्हस्व उकार नाही, झ नाही, ए-ऐ ने सुरुवात नाही, ते नाव चुकीच्या एन्कोडिंगमध्येसुद्धा बिनबोभाट वाचलं जातं. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक ही सहाच्या सहा नावं तशी आहेत. बेळगाव तसंच. नंदगड, उचगाव, कडोली, जांबोटी, लोंढा तशीच. येळ्ळूर, संकेश्वर, सौंदत्ती, कित्तूर यांत जोडाक्षर आहे, म्हणून ती अडतात. हुक्केरीत उकारही आहे आणि जोडाक्षरही. रामदुर्गातही दोन्ही. कणकुंबी उकारावर अडते. मी नकळत सगळी सोपी गावं निवडली होती. दोन महिने टेस्ट पास होत होती तेव्हाही विंडोजवर वाचलेलं प्रत्येक नाव कचराच होतं. ओळी सहाच होत्या, म्हणून टेस्टला ते कळायचा मार्गच नव्हता.

खात्री करायला फाइलीत एकटं ‘येळ्ळूर’ ठेवून वाचून पाहिलं. त्रुटीत जागा आली ११. शून्यापासून मोजा: य चे बाइट ० ते २, मात्रेचे ३ ते ५, ळ चे ६ ते ८, पाय मोडलेल्या चिन्हाचे ९ ते ११, आणि अकराव्या जागी ८डी. कागदावर हे जुळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. (मोठ्या फाइलीत ही जागा त्या वेळी वाचलेल्या तुकड्यातली असते, संपूर्ण फाइलीतली नव्हे. त्यावरून ओळ शोधत बसू नका.)

कन्नड ओळींनाही हेच लागू पडतं. युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांचे तक्ते एकाच मांडणीवर बेतलेले आहेत. देवनागरीचं पाय मोडायचं चिन्ह युटीएफ-८ मध्ये ई० ए५ ८डी आहे आणि कन्नडचं ई० बी३ ८डी. शेवटचा बाइट दोन्हीकडे तोच. कन्नडचा ऱ्हस्व उकारही ८१ वरच संपतो. म्हणून ‘मराठी ओळी काढून फक्त कन्नड ठेवून बघू’ असा प्रयोग केला तर काही निष्पन्न होत नाही. मी तो केला होता.

उपाय: ‘जीझिप.ओपन’ ला मोड ‘आरटी’ आणि एन्कोडिंग ‘युटीएफ-८’ दोन्ही दरवेळी द्या. लिहितानाही द्या, वाचतानाही द्या. कोडमध्ये आणखी कुठे विसरलंय का हे शोधायला पायथन ३.१० पासून ‘-एक्स वॉर्न डिफॉल्ट एन्कोडिंग’ असा पर्याय आहे. तो लावून टेस्ट चालवली की एन्कोडिंग न दिलेल्या जागांवर इशारा येतो. आमच्याकडे असे चार इशारे आले. ‘पायथनयुटीएफ८’ हे पर्यावरण-चल (संगणकावरचं एक सेटिंग) १ केलं तरी तात्पुरतं चालतं, पण मग प्रत्येक नव्या संगणकावर ते लक्षात ठेवून करावं लागतं. काकांच्या संगणकावर ते कोण करणार? कोडमध्येच लिहा.

एक सल्ला मात्र कुणी दिला तरी घेऊ नका: ‘एरर्स’ ला ‘इग्नोर’ द्या म्हणजे त्रुटी जाईल. त्रुटी जाते हे खरं आहे. न वाचता आलेले बाइट गुपचूप गळतात, ओळींची संख्या बरोबर राहते आणि टेस्ट हिरवी होते. नोंदवहीत माणसांची आणि गावांची नावं आहेत. ती अशी झिजलेली कुणाच्या हाती जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून आमच्या कोडमध्ये ‘इग्नोर’ ला पूर्ण बंदी आहे.

दुसऱ्यांदा टेस्ट फेल झाली ती माझ्याच संगणकावर. एन्कोडिंग ठीक होतं, तरी संदेश आला की ४०९४-४०९५ या जागी डेटा अपुरा संपतोय. फाइल मोठी होऊ लागल्यावर मेमरी वाचवायला आम्ही ती ४०९६ बाइटांच्या तुकड्यांत वाचत होतो आणि प्रत्येक तुकड्याची लगेच अक्षरं करत होतो. ४०९६ ला तीनने भाग जात नाही, बाकी १ उरते. ८१९२ ला बाकी २, ६५,५३६ ला पुन्हा १. मधे रिकाम्या जागा, टॅब आणि ओळ-बदल एकेका बाइटचे असतात, त्यामुळे तुकड्याची कड कधी अक्षराच्या शेवटी पडते, कधी मधोमध. मधोमध पडली की अक्षर दोन तुकड्यांत फाटतं. नोंदींत एखादी रिकामी जागा वाढली तरी निकाल बदलतो, म्हणून हे लहरी वाटतं. आधीच्या नमुना फाइली चार हजार बाइटांपेक्षा लहान होत्या, त्यांना हे कधी भेटलंच नव्हतं.

यावर सरळ उपाय म्हणजे तुकड्यांची अक्षरं स्वतः करू नका. ‘आरटी’ मोडमध्ये ओळीओळीने वाचा. तो अर्धवट राहिलेले बाइट पुढच्या तुकड्यासाठी स्वतः सांभाळून ठेवतो आणि पूर्ण फाइल मेमरीत घेत नाही. काही कारणाने बाइटच हाताळायचे असतील तर ‘कोडेक्स’ मधला इन्क्रिमेंटल डीकोडर वापरा, तोही अर्धवट बाइट सांभाळतो. आणि टेस्टची फाइल उघडल्यावर निदान वीस-तीस हजार बाइटांची होईल इतकी मोठी ठेवा. आम्ही तीच गावं शेकडो वेळा लिहितो आणि दर काही ओळींनी एक रिकामी जागा जास्त टाकतो, म्हणजे कडा वेगवेगळ्या ठिकाणी पडतात.

तिसरं कारण फाइलीच्या प्रवासात होतं आणि त्याची खूण वेगळी आहे. इथे अक्षरांची तक्रार येत नाही. जीझिपच तक्रार करतो: ‘सीआरसी चेक फेल्ड’, किंवा झेडलिबची (पायथनचं जीझिप ज्या कॉम्प्रेशन लायब्ररीवर चालतं तिची) ‘एरर -३’, किंवा टर्मिनलवर ‘फॉरमॅट व्हायोलेटेड’. विंडोजवाल्यांच्या ओळ-बदलात दोन बाइट असतात (०डी ०ए), लिनक्सवर एक (०ए). त्यावरून आमच्यात कुरबुर झाली आणि कुणीतरी गिटच्या (फाइलींचे बदल सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) ॲट्रिब्यूट्स फाइलीत लिहिलं की सगळ्या फाइली ‘टेक्स्ट’ समजाव्यात आणि ओळ-बदल एका बाइटचा ठेवावा. ‘सगळ्या’ मध्ये जीझेड, म्हणजे जीझिपने दाबलेल्या, फाइलीही आल्या. गिट एरवी फाइलीच्या सुरुवातीच्या भागात शून्य किमतीचा बाइट दिसला की ती बायनरी आहे हे ओळखतो, पण ‘टेक्स्ट’ असं ठामपणे लिहिल्यावर तो ओळखायचा प्रयत्नच करत नाही. कॉम्प्रेस केलेल्या बाइटांत योगायोगाने जिथे ०डी ०ए अशी जोडी आली तिथला ०डी त्याने काढून टाकला.

लहान फाइली वाचल्या, मोठी मेली, याचंही गणित आहे. कॉम्प्रेस केलेले बाइट जवळजवळ विस्कळीत असतात. अशी विशिष्ट जोडी सरासरी ६५,५३६ बाइटांत एकदा येते. दोन हजार बाइटांच्या फाइलीत ती बहुधा नसतेच. दोन लाख बाइटांच्या फाइलीत तिनेक वेळा येते आणि एकदा आली तरी पुरे.

यात आणखी एक फसवणूक आहे. जीझिप फाइलीच्या शेवटी आठ बाइट असतात: चार तपासणी बेरजेचे, म्हणजे सीआरसी-३२ चे, आणि चार मूळ लांबीचे. तपासणी त्या शेवटाला पोहोचल्यावरच होते. पहिल्या दहा ओळी वाचून थांबणारी टेस्ट तिथवर जात नाही, त्यामुळे मागे बिघडलेली फाइलही तिला चांगलीच वाटते. आमच्या तेव्हाच्या तीनपैकी दोन टेस्ट अशाच होत्या. टेस्टमध्ये फाइल एकदा तरी शेवटपर्यंत वाचा.

उपाय: ॲट्रिब्यूट्स फाइलीत, त्या सर्वसाधारण ओळीच्या खाली, ‘जीझेड’ फाइलींसाठी ‘बायनरी’ असं लिहा. खालची ओळ वरचीवर मात करते, म्हणून जागा महत्त्वाची. पण एवढ्याने आधीच बिघडलेली फाइल सुधारत नाही. कुठल्या ०ए च्या आधी ०डी होता हे आता कुणालाच माहीत नाही. मूळ फाइल शोधून ती पुन्हा भरावी लागते. सुदैवाने काकांच्या पेनड्राइव्हवर होती.

चौथं कारण मला सगळ्यात जास्त धास्तावणारं वाटतं, कारण त्यात कुठलीच त्रुटी येत नाही. काका रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या नोंदी त्याच जीझेड फाइलीला जोडत होते. ‘एबी’ मोडमध्ये (शेवटी जोडायच्या) उघडून लिहिलं की जुन्या भागाच्या पाठीमागे एक नवा, स्वतंत्र जीझिप भाग चिकटतो, स्वतःच्या शीर्षकासह आणि स्वतःच्या तपासणी बेरजेसह. हे पूर्णपणे नियमात बसतं. १९९६ च्या जीझिप प्रमाणकातच असे अनेक भाग एका फाइलीत असू शकतात असं म्हटलंय. पण वेग वाढवायच्या नादात मी एका ठिकाणी ‘जीझिप.ओपन’ काढून थेट झेडलिबचा डीकॉम्प्रेस ऑब्जेक्ट वापरला होता. तो पहिला भाग संपला की थांबतो. उरलेलं सगळं ‘अनयूज्ड डेटा’ मध्ये पडून राहतं आणि कुणी विचारल्याशिवाय तो ते सांगत नाही.

टेस्ट पास होती, कारण नमुना फाइल एका दमात लिहिलेली, एकाच भागाची. काकांनीच एक दिवस विचारलं, “बाई, सोमवारनंतरची पुस्तकं यादीत दिसेनात की.” प्रोग्रामला फक्त पहिला दिवस दिसत होता.

तपासायचं असेल तर टर्मिनलवर झेडकॅटने (जीझिप फाइलीतला मजकूर दाखवणाऱ्या आज्ञेने) ओळी मोजा आणि आपल्या प्रोग्रामने मोजलेल्या ओळींशी ताडून बघा. झेडकॅट सगळे भाग वाचतो. फाइलीच्या शेवटच्या चार बाइटांवरून लांबी काढायचा मोह होतो, तो टाळा: त्यात फक्त शेवटच्या भागाची लांबी असते. उपाय दोन आहेत. साधा उपाय म्हणजे ‘जीझिप.ओपन’ वर परत या, मी तेच केलं. झेडलिबच हवं असेल तर ‘अनयूज्ड डेटा’ रिकामा होईपर्यंत दरवेळी नवा ऑब्जेक्ट घेऊन वाचत राहा. आणि नमुन्यात तीन भागांची एक फाइल ठेवाच.

पाचवं कारण मराठीचं खास आहे. फाइल ठीक, बाइट ठीक, अक्षरं ठीक, ओळी मोजून बरोबर. तरी टेस्ट सांगते की ‘शेतकऱ्यांसाठी’ आणि ‘शेतकऱ्यांसाठी’ हे दोन शब्द वेगळे आहेत. पडद्यावर डोळे ताणून बघितलं तरी तसूभर फरक नाही. विषयाच्या रकान्यात हा शब्द होता, एक काकांनी टाइप केलेला, दुसरा मी टेस्टमध्ये लिहिलेला.

हा अर्धा र, वऱ्हाडातला, दऱ्यांतला, कऱ्हाडचा, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक: ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग पाय मोडायचं चिन्ह. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ऱ ची वेगळी कळ आहे. दुसरी: साधा र, पाय मोडायचं चिन्ह आणि त्यानंतर न दिसणारं, शून्य रुंदीचं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे. ‘ऱ्य’ पहिल्या तऱ्हेने नऊ बाइटांचा होतो, दुसऱ्या तऱ्हेने बारा. ‘आस्की’ फंक्शनमधून छापल्यावर हे दिसलं.

मी आधी युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर वेगवेगळ्या क्रमांकांनी लिहिलं असेल तर ते एकसारखं करणारी पद्धत) लावून बघितलं. त्याने निम्मंच काम झालं. र च्या खाली नुक्ता देऊन कुणी ऱ बनवला असेल तर एनएफसी त्याचा एक ऱ करतो. पण शून्य रुंदीच्या जोडचिन्हाला तो हात लावत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते दोन मजकूर समान नाहीतच. म्हणून आम्ही स्वतःचं छोटं फंक्शन लिहिलं: आधी एनएफसी, मग ‘र, पाय मोडायचं चिन्ह, जोडचिन्ह’ या तिघांच्या जागी ‘ऱ, पाय मोडायचं चिन्ह’. हे फक्त तुलना करताना आणि शोधताना वापरतो. साठवलेल्या नोंदीत काकांनी जसं लिहिलं तसंच राहतं. माझ्या मते तो मजकूर बदलायचा हक्क प्रोग्रामला नाही.

याच टप्प्यावरचा एक लहान भाऊ: फाइलीच्या अगदी पहिल्याच ओळीतलं पहिलंच नाव जुळत नसेल आणि बाकी सगळी जुळत असतील तर सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट आहेत का बघा. एक्सेलमधून ‘सीएसव्ही युटीएफ-८’ असं जतन केलं की ते येतात, नोटपॅडच्या जुन्या आवृत्त्याही ते घालत. वाचताना एन्कोडिंग ‘युटीएफ-८-सिग’ द्या, ते असले तर काढले जातात आणि नसले तरी बिघडत नाही.

आमच्याकडे न झालेल्या, पण सहकाऱ्याच्या दुसऱ्या कामात आढळलेल्या दोन गोष्टी थोडक्यात. टेस्ट स्वतःच तात्पुरती फाइल लिहून वाचत असेल आणि ‘ईओएफ एरर’ (फाइल अपुरी संपल्याची त्रुटी) येत असेल, तर लिहिणारी फाइल बंद व्हायच्या आधीच वाचली जातेय. शेवटचे आठ बाइट बंद करतानाच लिहिले जातात. ‘विथ’ चा खंड (कोडचा असा भाग, जो संपला की फाइल आपोआप बंद होते) संपल्यावर वाचा. आणि टेस्ट कॉम्प्रेस केलेल्या बाइटांचीच तुलना करत असेल तर ती करू नका. जीझिपच्या दहा बाइटांच्या शीर्षकात चार बाइट वेळेचे असतात. दोनदा कॉम्प्रेस करताना मधे सेकंद पालटला की फाइल वेगळी. शिवाय झेडलिबची आवृत्ती बदलली की तोच मजकूर वेगळ्या बाइटांत येऊ शकतो. उघडलेल्या मजकुराची तुलना करा. बाइट सारखेच हवे असतील तर ‘एमटाइम’ ला (त्या वेळेच्या पर्यायाला) शून्य द्या, म्हणजे निदान वेळेमुळे फरक पडणार नाही.

आताची आमची नमुना फाइल तीन भागांची आहे. पहिल्या भागात खानापूर, निपाणी ही जुनी सहा गावं, मुद्दाम ठेवलेली. दुसऱ्यात येळ्ळूर, हुक्केरी, संकेश्वर, रामदुर्ग, कणकुंबी, आणि झ साठी ‘माझे गाव’ अशी एक ओळ. ‘शेतकऱ्यांसाठी’ दोन्ही तऱ्हांनी, लागोपाठच्या दोन ओळींत. टेस्ट ओळी मोजते, पण त्याबरोबर प्रत्येक भागातली एक ओळ अक्षरशः ताडून बघते, आणि ती अपेक्षित ओळ कोडमध्ये अक्षरांऐवजी युनिकोडच्या क्रमांकांनी लिहिली आहे, म्हणजे संपादकाच्या एन्कोडिंगचा संशय उरत नाही. तिसऱ्या भागात कन्नड ओळी आहेत, जोडाक्षरांच्या. त्या मी माझ्या कन्नडच्या भरवशावर लिहिणार होते, पण काका म्हणाले, “राहू दे, मी लिहून देतो.” त्यांनी वाचनालयातच बसून दहा ओळी टाइप केल्या आणि पेनड्राइव्हवर दिल्या.